उजवो कौल

तोंडवली,
६ ऑक्टोबर २०२५

भिक्या,

दंडवत आणि चार शिव्या, दोन्ही एकाच लिफाफ्यातून पाठवतो. चाळीस वर्षं कोल्हापुरात लोकांच्या जुन्या गाड्या जिवंत करतोस, पण मालवणच्या शाळेत तुझ्या बाकावर बसणारा हा दत्तप्रसाद जिवंत आहे की नाही, हे विचारायला तुला सवड नाही. असो. फोन सोडून पत्र का, म्हणून कपाळाला आठ्या घालू नकोस. माझ्या फोनवरचे मेसेज जानकी मोठ्याने वाचते आणि वाचता वाचता उत्तरही तीच देऊन टाकते. ही गजाल तिच्या कानावर जाता कामा नये.

१९८६ साली आमचं लग्न झालं आणि दोन महिन्यांत मी बोटीवर गेलो. लिव्हरपूलच्या गोदीबाहेर एक उघडी निळी गाडी उभी होती. दोन माणसांची, बुटकी, चकचकीत. तिच्याशेजारी उभा राहून मी फोटो काढून घेतला आणि मागे लिहून जानकीला पाठवला, "अशा गाडयेत तुका बसवून कट्ट्याच्या बाजारातसून फिरवतलंय." कट्टा तिचं माहेर. तो फोटो अजून देवघराच्या फळीवर आहे. नोकरी संपली, घर झालं, आंब्याची कलमं धरायला लागली. गाडी तेवढी राहिली.

गेल्या वर्षी ती विहिरीकडे घसरली. डावा खुबा मोडला, नवा बसवला. डॉक्टर म्हणतात, चाला, फिरा. ही म्हणते, "माका आता खंय जावचा आसा?" वर्ष झालं, दवाखाना सोडून ती कुठे गेलेली नाही. गणपतीला भावाकडे कट्ट्यालासुद्धा नाही. भिक्या, जिच्या हसण्याने शेजारचं कुत्रं भुंकायला लागायचं, ती बाई दिवसभर अंगणातल्या खळ्याकडे बघत बसते. माका ता बघवणा नाय.

११ फेब्रुवारीला चाळीस वर्षं होतात. त्या दिवशी ती माझ्या शेजारी बसून कट्ट्याच्या बाजारातून गेली पाहिजे, एवढंच मला हवं आहे. इंग्लंडात बनलेली जुनी स्पोर्ट्स गाडी शोधून दे. छप्पर उघडणारी, दोघांची, आणि दोघांनाही आरामाची. माझी उंची पाच फूट नऊ इंच, पाय लांब, पोट तुला ठाऊक आहे. त्या मापाने बघ.

तुझा,
दत्ता


कोल्हापूर,
१५ ऑक्टोबर

दत्ता,

बोटीच्या इंजिनात जन्म काढलेला माणूस गाडी मागतो आणि माप स्वतःच्या पोटाचं देतो! खुबा कोणाचा बदलला रे?

आता गाड्यांचं ऐक. एमजी टीडी देखणी, पण बसायला आपल्या शाळेच्या बाकासारखी ताठ, आणि काचांऐवजी कापडी पडदे. ऑस्टिन-हीलीत पायाशी इंजिनाची धग येते. तोंडवलीच्या उन्हात तिची काही गरज नाही. जॅग्वारच्या ई-टाइपमध्ये बसणं म्हणजे उंबरठा ओलांडून विहिरीत उतरणं. ट्रायम्फ स्पिटफायर आपल्याकडच्या जुन्या हेराल्डची बहीण, सुटे भाग मिळतील, पण तीत बसलास की ढुंगण रस्त्याशी गप्पा मारतं. एमजीबी चांगली, तुझ्या फोटोतली बहुतेक तीच. पण गाडी फोटोकडे बघून घ्यायची नसते, हाडांना विचारून घ्यायची असते. म्हणून माझं मत सनबीम अल्पाइन. खालीवर होणाऱ्या काचा, रुंद सीटा, स्टिअरिंग पुढेमागे सरकतं. तिच्या काळातले लोक तिला नाजूक म्हणून हसायचे. आपल्या वयाला नाजूकच बरी. चिकमंगळूरच्या एका कॉफीवाल्याकडे एक आहे, निळीच. मी बघून ठेवली आहे.

अडचण एकच. बुटक्या सीटवर बसलं की गुडघे खुब्याच्या वर जातात, आणि वहिनींना तेच चालणार नाही. त्यांच्या गुडघ्याची उंची जमिनीपासून मोजून कळव. त्यांच्या. तुझ्या नाही.

आणि एक विचारतो. तुझ्या ओळी कागदाच्या उजव्या कडेवरून खाली पडतात. प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर तुझ्या टेबलावर राहिलं असणार. हे काय नवीन? लायसन्स चालू आहे ना?

भिकाजी


तोंडवली,
२७ ऑक्टोबर

भिक्या,

मोजलं! दुपारी ती खुर्चीवर बसल्या बसल्या झोपली होती. मी टेप घेऊन चोरासारखा गेलो. गुडघा साडेसतरा इंच. नंतर विसरू नये म्हणून खुर्चीच्या पायावर पेन्सिलीने खूण केली. बोटीवर पिस्टन एकदाच मोजायचो, बायकोचा गुडघा तीनदा मोजला.

अक्षराचं म्हणशील तर टेबल हलतं. लायसन्ससाठी मागच्या महिन्यात ओरोसच्या आरटीओत जाऊन आलो. ते काम झालं. तू तुझं बघ.

सनबीम म्हणजे उन्हाची तिरीप ना रे? जानकीला नाव आवडेल. घे ती.

दत्ता


तोंडवली,
५ नोव्हेंबर

भिकू भावोजींस,

मी जानकी. लिहायला बसले की मला शाळेतली मराठी येते आणि राग आला की मालवणी. दोन्ही चालवून घ्या.

आमचे हे तुम्हाला पत्रं लिहितात. आमच्या महादू पोस्टमनने चुगली केली नाही हो. तो बिचारा दारात उभा राहून एवढंच म्हणाला, "वयनी, कोल्हापुराक तुमचा कोण आजारी आसा?" त्यात सगळं आलं. आणि त्या दुपारी मी झोपले नव्हते. साठीच्या पुढचा माणूस बायकोच्या गुडघ्याला टेप लावून इंच मोजतो आणि "साडेसतरा, साडेसतरा" म्हणत पळत सुटतो! हसू दाबता दाबता माझा खुबा दुखायला लागला. गाडी आहे ना ती? फोटोतली? चाळीस वर्षं तो फोटो मी रोज पुसते आहे. मला कळत नाही होय?

पण दुसरी गोष्ट हसण्यासारखी नाही. ह्यांचा खांदा उजवीकडच्या चौकटीला आपटतो. चहा ओततात तो कपाच्या उजवीकडे, बशीत. परवा उजवीकडून सायकल आली ती ह्यांना दिसलीच नाही. विचारलं की म्हणतात, "लायट बरोबर नाय." भरदुपारी! तुमच्याकडे काही बोलले असतील तर सांगा. खोटा सांगशात तर तुमच्या तोंडार शिरा पडो.

उत्तर महादूच्या नावावर पाठवा, तो ते माझ्याच हातात देईल.

जानकी


कोल्हापूर,
१२ नोव्हेंबर

जानकीवहिनी,

शिरा पडण्यापेक्षा खरं सांगितलेलं बरं. होय, गाडी आहे. माझ्या गॅरेजात आली सुद्धा. मी तुम्हाला सांगितलं हे दत्ताला कळता कामा नये, आणि तुम्हाला कळलं हेही कळता कामा नये. दोन्ही बाजूंच्या शपथा खाऊन मी मधल्यामध्ये खोकत बसलो आहे.

डोळ्यांबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. पण त्याच्या ओळी उजवीकडे कागद संपला तरी थांबत नाहीत. लायसन्सचं काम ओरोसला झालं असं लिहितो. माझा विश्वास बसत नाही. तुम्ही घरात बघा.

भिकाजी


तोंडवली,
२४ नोव्हेंबर

भावोजी,

सापडलं. आमसुलांच्या बरणीमागे कागद होता. लायसन्सच्या दाखल्यावर डॉक्टरांनी सही केलेली नाही. उजव्या डोळ्याचा काचबिंदू. उजवीकडचं जवळजवळ गेलं, डावा चांगला आहे, तो थेंब घालून राखायचा. गाडी चालवायची नाही. हा माणूस थेंबांची बाटली आंब्याच्या फवारणीच्या सामानात लपवून ठेवतो, आणि कलमांकडे जातो म्हणून सांगून तिथे एकटा उभा राहून डोळ्यात थेंब घालतो.

मी दोन दिवस रडले. माझा खुबा मोडला तेव्हा आंघोळीला नेण्यापासून सगळं ह्यांनी केलं, तेव्हा मला लाज वाटली नाही. आणि स्वतःचा डोळा गेला तर माझ्यापासून लपवतात! माझं वर्षभर घरात बसणं ह्यांना दिसलं, आणि ह्यांचं आंधळं होणं मला चौकटी मोजून ओळखावं लागलं. मेल्यांनो, पुरुष म्हणजे काय जात आहे!

तिसऱ्या दिवशी डोळे पुसले. गाडी थांबवू नका. ह्यांना काही बोलू नका. एकच विचारते, त्या गाडीचा क्लच जड आहे का?

देवळात कौल लावायला जाते आहे. वर्षभराने देवळाची पायरी चढेन.

जानकी


कोल्हापूर,
२ डिसेंबर

दत्ता,

गाडी तयार होते आहे. इंजिन आता मांजरासारखं गुरगुरतं. पण चालू लायसन्सची प्रत पाठवल्याशिवाय ती माझ्या गॅरेजातून हलणार नाही. मैत्री मैत्रीच्या जागी. वहिनी शेजारी बसणार आहेत.

भिकाजी


तोंडवली,
१४ डिसेंबर

भिक्या,

तू जिंकलास. लायसन्स नाही. होणारही नाही. उजवा डोळा गेला. उजवीकडून कोणी आलं तर ते आकाशातून पडल्यासारखं एकदम समोर येतं. आठवड्यातून एकदा खांदा सुजतो.

मला वाटलं होतं, गावातलाच रस्ता, सकाळची वेळ, हळू नेईन. तुझं पत्र वाचलं आणि रात्रभर एकच दिसत राहिलं, उजवीकडून ट्रक येतो आहे आणि मी तिला म्हणतो आहे, "बघ गो, कसा वारा लागता." एकदा खुबा मोडला तो विहिरीने मोडला. दुसऱ्यांदा मी मोडणार होतो. खुळो आसंय मी, भिक्या. थोर खुळो.

गाडी विकून टाक. चांगल्या माणसाला दे.

एक बरं झालं ते लिहितो. जानकी बाहेर पडायला लागली आहे. आठवड्यातून चार दिवस काठी घेऊन एसटीने कट्ट्याला जाते, खुब्याच्या व्यायामाला म्हणून. तिची भाची किशोरी तिथे आहे, ती करून घेते म्हणे. येते तेव्हा गाल लाल, आणि जेवण दुप्पट. देवळात कौलही लावून आली. काय विचारलं ते सांगत नाही. "देवान उजवो कौल दिल्यान" एवढंच म्हणते आणि तोंडाला पदर लावून हसते. तिला देवाने उजवं दिलं, माझं उजवं काढून घेतलं. हिशेब त्याचा त्याला माहीत.

तिला माझ्या डोळ्याचं सांगायचं राहिलं आहे. धीर होत नाही.

दत्ता


कोल्हापूर,
२६ डिसेंबर

जानकीवहिनी,

दत्ताने माझ्याकडे कबूल केलं. गाडी विक म्हणतो. मी विकत नाही.

डावीकडच्या सीटवर मी नवी गादी बसवून घेतली आहे. आत काथ्या भरला आहे, आपल्याकडचा, मुद्दाम मागवून. फोमवर माणूस खाली खाली जातो, काथ्या वर धरतो. आता सीट जमिनीपासून अठरा इंच आहे. छप्पर उघडं असलं की डोकंही कुठे लागणार नाही. क्लच नवा केला, आता मुळीच जड नाही. दत्ताच्या गुडघ्यांसाठी विचारलंत ना? आता त्याचा उपयोग काय म्हणा.

११ फेब्रुवारीला मी ड्रायव्हर पाठवतो. पण गाडी दोघांची. ड्रायव्हर बसला तर तुमच्यातलं एक खाली राहील, हेच मला सुटत नाही.

भिकाजी


तोंडवली,
८ जानेवारी २०२६

भावोजी,

काथ्याचं वाचून जीव सुखावला. पण गादी चुकीच्या बाजूला बसवलीत. ती उजवीकडच्या सीटवर हलवा.

तुम्ही म्हणाल, वहिनींना डावंउजवं कळत नाही, गाडीत बसणारा डावीकडे बसतो, उजवीकडे चालवणारा. माका म्हायत आसा.

देवाला मी हेच विचारलं होतं. गुरव म्हणाला, मनात धर. मी मनात धरलं, "म्हाराजा, ह्या गाडयेत माझी जागा खंय? डावीकडे काय उजवीकडे?" गुरवाने देवाच्या मूर्तीला डावीउजवीकडे फुलाच्या पाकळ्या लावल्या. आख्ख्या गावाला ठाऊक आहे की उजवी पाकळी पडली म्हणजे देव हो म्हणाला. पण मला देवाने नुसतं हो म्हटलेलं नाही, भावोजी. सीट दाखवली.

किशोरी कट्ट्याला बायकांना गाडी शिकवते. खुब्याचे व्यायाम ते हेच. पहिल्या दिवशी मी तिची गाडी शाळेच्या कुंपणात घातली. मुख्याध्यापक बाहेर येऊन बघतात तर त्यांना लहानपणी मीच कडेवर घेऊन फिरवलेलं. दुसऱ्या महिन्यात मी गाडी मागे घेत त्याच कुंपणाला समांतर लावली. काल ओरोसला परीक्षा दिली. साहेबांनी वय विचारलं. बासष्ट म्हटलं. म्हणाले, "आजी, घाई कसली?" मी म्हटलं, "साहेब, चाळीस वर्षं थांबले. आता थोडी घाई आहे."

पास झाले. ड्रायव्हर पाठवू नका. आमच्याकडे आहे.

जानकी


कोल्हापूर,
१६ जानेवारी

दत्ता,

गाडीला गिऱ्हाईक मिळालं. बाई आहेत. गाडी त्यांच्या हातात सुखी राहील, मी स्वतः खात्री करून घेतली.

भिकाजी


तोंडवली,
१२ फेब्रुवारी

भिक्या, मेल्या, लबाडा, माझ्या जिवलगा,

गिऱ्हाईक माझ्याच घरात होतं होय!

काल सकाळी मी तिला डोळ्याचं सांगायचं ठरवलं होतं. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवशी खोटं घेऊन उठायचं नाही म्हणून. अंगणात जाऊन "जानके, एक सांगूचा आसा," असं म्हटलं, तर ती म्हणाली, "थेंब घातलात काय सकाळचे? फवारणीच्या सामानातसून काढून मी बाटली देवघरात ठेवलंय. थंयसून घेयत जावा, चोरासारखे नको." ती जवळ आली आणि माझा उजवा खांदा चोळला, जिथे रोज आपटतो बरोबर तिथे. मी रडलो, भिक्या. लपवत नाही. तीही रडली, आणि मग मला मोजून सात शिव्या घातल्या.

तेवढ्यात तुझा टेम्पो आला. वर निळी तिरीप. चाळीस वर्षांपूर्वी जशी बघितली तशीच चकचकीत. महादू पोस्टमन वाटेतच सायकल टाकून धावत आला, त्याला म्हणे आधीपासून माहीत होतं! मी तिच्या बॉनेटवरून हात फिरवला आणि सवयीने उजवीकडच्या दाराकडे गेलो.

"थंय खंय चललात? तुमची जागा डावीकडे."

मला वाटलं चेष्टा करते. तिने काठी माझ्या हातात दिली. गाडीकडे पाठ केली, अलगद बूड टेकलं, आणि दोन्ही पाय एकदम आत फिरवले. भिक्या, मी ओळखलं ते! तळाशीलच्या होडीत चढताना माझ्या आईने तिला नवी नवरी असताना शिकवलं होतं, "पाठ कर, बूड टेक, मगे दोनय पाय एकदम." फिजिओवाला हेच वर्षभर ओरडून सांगत होता, ते आईने चाळीस वर्षांपूर्वी शिकवून ठेवलेलं. तुझ्या काथ्याच्या गादीवर ती राणीसारखी बसली. चावी फिरवली. पहिला गिअर, खडाखड नाही की काही नाही. मी वेड्यासारखा डावीकडे जाऊन बसलो.

वाटेत तिने कौलाचं सांगितलं. मी एवढा हसलो की समोरून येणारी एसटी थांबली, ड्रायव्हरने खिडकीतून मान काढली आणि "काकी, जोरात!" म्हणून ओरडला. ती जोरात गेली नाही. तीस. कधी चाळीस. पण वारा तोच होता रे, मी तुला पत्रात लिहिलेला.

कट्ट्याच्या बाजारात किशोरीने आधीच दवंडी पिटलेली. मासळीवाल्या उठून उभ्या राहिल्या, टेलर मशीन सोडून बाहेर, शाळेचे मुख्याध्यापक तर कुंपणापाशी हात जोडून उभे. जानकीचा भाऊ दाजी नारळ घेऊन रस्त्याच्या मधोमध. त्याने तिथेच देवाला गाऱ्हाणं घातलं:

"बा देवा म्हाराजा, आज हे दोघे चाळीस वर्सांनी आपलो शब्द पुरो करून हंय इलेहत, तेंका सुखरूप ठेव रे म्हाराजा!"

अख्खा बाजार: "व्हय म्हाराजा!"

"खुबो नवो आसा, गाडी जुनी आसा, दोनय टिकांदेत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि बायलमाणूस गाडी चलयता म्हणान जो कोण हसात, तेची गाडी घाटात बंद पडांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे सगळ्यात मोठ्याने मासळीवाल्यांनी म्हटलं.

नारळ फुटला. जानकी हसली, तेच जुनं हसणं, आणि बाजारातली दोन कुत्री भुंकायला लागली.

मग निघालो. नाक्यावर तिने गाडी थांबवली. उजवीकडे तिने स्वतः बघितलं. आणि समोर बघतच मला विचारलं, "डावीकडे कोण येता काय?"

भिक्या, डावा डोळा माझा अजून लख्ख आहे. मी नीट बघितलं. पार वळणापर्यंत बघितलं. आणि बोटीवर इंजिनरूममधून द्यायचो तसा आवाज दिला:

"मोकळा आसा गो! सोड!"

तुझा,
दत्ता